येणाऱ्याला आपण काय देणार?

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ४० ते ४५



आजचे सहा श्लोक म्हणजे अर्जुनाच्या एका भीतीला दिलेलं उत्तर आहे. आधीच्या तीन श्लोकांत अर्जुन विचारतो, की एखाद्याची श्रद्धा आहे, पण मन टिकलं नाही, साधना अर्धवट राहिली आणि मधेच मरण आलं, तर त्याचं काय? फाटलेल्या ढगासारखा तो इथलाही राहत नाही आणि तिथलाही, असं होतं का? भगवंत या उत्तराच्या सुरुवातीलाच अर्जुनाला 'तात' म्हणतात. हा शब्द बापालाही वापरतात आणि लेकरालाही. इतक्या मायेनं हाक मारून ते सांगतात, की चांगलं करणाऱ्याची कधीच दुर्गती होत नाही. असा माणूस पुन्हा जन्माला येतो, तो पवित्र आणि संपन्न माणसांच्या घरी, नाहीतर थेट ज्ञानी योग्यांच्या कुळात. हा दुसरा जन्म जगात फार दुर्मिळ, असंही ते म्हणतात. तिथे त्याला मागच्या जन्मातली बुद्धी परत मिळते आणि तो जिथे थांबला होता तिथून पुढे चालू लागतो.

रविवारी संध्याकाळी सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या सोसायटीत आम्ही सात-आठ जण गीता वाचतो. सगळे नोकरीवाले, बहुतेक तिशीच्या अलीकडचे-पलीकडचे. हे श्लोक वाचून झाल्यावर गटातल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, एक विचारू? जन्म म्हणजेच दुःख असं गीता सांगते, सुटायचं कसं तेही सांगते. मग आपण मूल जन्माला घालणं हे बरोबर आहे का? म्हणजे आपण सुटायचा प्रयत्न करायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी आत ओढायचं?" तिचं लग्न सहा महिन्यांपूर्वी झालंय. कुणीतरी हसण्यावारी न्यायला बघितलं, पण ती काही हसत नव्हती. आजचं चिंतन तिच्या प्रश्नावर.

प्रश्न जुना आहे, पण खोटा नाही

तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईतल्या राफेल सॅम्युअल नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाची बातमी जगभर गाजली होती. मला न विचारता जन्माला घातलं, म्हणून मी आईवडिलांवर दावा लावणार, असं त्यानं जाहीर केलं होतं. आईवडील दोघेही वकील! माझं आईवडिलांवर प्रेम आहे, आमचं छान जमतं, असंही तो सांगत होता. त्याचं भांडण त्यांच्याशी नव्हतं, एका गृहीतकाशी होतं. त्याच्या आईनं दिलेलं उत्तर मला आवडलं होतं. जन्माआधी तुझी संमती आम्ही कशी घ्यायला हवी होती हे नीट पटवून दे, मी चूक मान्य करीन, असा तिचा सूर होता. मुलगा स्वतःच्या डोक्यानं विचार करतो याचं तिला कौतुकही होतं.

तेव्हा सगळ्यांनी त्याच्यावर मीम्स केले आणि विषय संपला. पण विचार संपला नाही. याला अँटिनेटॅलिझम म्हणतात, म्हणजे जन्म देणंच चूक मानणारा विचार. दक्षिण आफ्रिकेतले तत्त्वज्ञ डेव्हिड बेनाटार यांनी २००६ सालच्या पुस्तकात तो नीट मांडला. सोप्या मराठीत सांगायचं तर असं : जो जन्मलाच नाही, त्याच्या वाट्याला दुःख आलं नाही, हे चांगलंच झालं. सुखही आलं नाही, पण त्यात वाईट काही नाही, कारण सुख हुकल्याची हळहळ करायला तिथे कुणीच नाही. म्हणजे न जन्मण्यात फायदाच आहे, तोटा काही नाही. उलट जन्म दिला की दुःख नक्की. मग जन्म द्यायचा कशाला?

भक्तमंडळी असा विचार ऐकला की लगेच 'पाश्चात्त्य खूळ' म्हणून मोकळी होतात. जरा थांबू या. आपल्याच पोथ्या उघडून बघू या.

गर्भातला जीव काय म्हणतो?

भागवताच्या तिसऱ्या स्कंधात, एकतिसाव्या अध्यायात, गर्भातल्या जीवाची प्रार्थना आहे. त्याला सातव्या महिन्यात भान येतं, मागचे जन्म आठवतात, तो हात जोडून देवाला विनवतो. आणि त्या प्रार्थनेत तो चक्क म्हणतो, की इथे कितीही दुःख असलं तरी मला बाहेर यायचं नाही. बाहेर अंधारी विहीर आहे, तिथे गेलो की तुझी माया मला घेरणार. संमतीचा प्रश्न आपल्या शास्त्रानं असा थेट विचारून ठेवलाय, आणि उत्तरही लिहून ठेवलंय : नाही, मला यायचं नाही.

हे कोण कुणाला सांगतंय, ते लक्षात घ्या. कपिलमुनी आपल्या आईला, देवहूतीला सांगताहेत. मुलगा आईसमोर बसून सांगतोय की आईच्या पोटात जीवाला काय यातना होतात. आणि देवहूती चिडत नाही, 'मी नऊ महिने वाहिलं तुला' असं म्हणत नाही. ती ऐकते. सॅम्युअलच्या आईइतकीच शांतपणे.

गीतेतही तेच आहे. आठव्या अध्यायात भगवंत पुनर्जन्माला दुःखाचं घर म्हणतात, आणि तेही कायमचं नसलेलं. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना जन्म, मरण, म्हातारपण आणि आजार यांतला दोष सतत बघत राहणं हे एक लक्षण सांगितलंय. बृहदारण्यक उपनिषदात (४.४.२२) तर जुने ज्ञानी लोक संततीची इच्छाच करत नव्हते असं आहे. आत्मा हेच ज्यांचं जग, त्यांना संततीचं काय करायचं, असा त्यांचा सवाल. पुढे उपनिषद सांगतं, की मुलाची हाव आणि पैशाची हाव मुळात एकच. वाचताना जरा झोंबतं, नाही? आपण एकीला पवित्र मानतो आणि दुसरीला लोभ म्हणतो.

म्हणजे 'मूल होऊ देणं हे आपोआप पुण्य' असं आपली परंपरा म्हणत नाही. हे आधी प्रामाणिकपणे मान्य करू.

दुसरी बाजू

पण त्याच श्रुतीत दुसराही आवाज आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू घरी निघालेल्या शिष्याला उपदेश करतात, त्यात प्रजेचा धागा तोडू नकोस असं सांगतात. सत्य बोल, धर्माने वाग, स्वाध्याय चुकवू नकोस, या ओळीतच ते येतं. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणांची कल्पना आहे. माणूस जन्मतोच कर्ज घेऊन : ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. पितरांचं कर्ज संततीनं फिटतं.

महाभारताच्या आदिपर्वात जरत्कारूची गोष्ट येते. हा विरक्त तपस्वी, लग्न न केलेला. एका खड्ड्यात काही माणसं खाली डोकं वर पाय अशी लटकलेली त्याला दिसतात. गवताच्या एका शेवटच्या मुळाला धरून ती लटकताहेत आणि एक उंदीर ते मूळ कुरतडतोय. चौकशी केली तर कळतं, ते त्याचेच पूर्वज. ते उरलेलं एक मूळ म्हणजे तो स्वतः, आणि उंदीर म्हणजे काळ.

या गोष्टीकडे 'पोरं काढा नाहीतर पितर लटकतील' अशी धमकी म्हणून बघता येतं, आणि तसं बघून अनेक घरांत सुनांचा छळ झालाय. मला त्यात वेगळं काही दिसतं. जरत्कारूला वाटत होतं की माझा जन्म फक्त माझा आहे, माझं तप माझं, माझी मुक्ती माझी. त्याला दाखवलं गेलं की तू एकटा नाहीस, तू मधला धागा आहेस. कुणीतरी तुला धरून आहे. सॅम्युअलच्या दाव्यातही तेच गृहीतक आहे, की मी आधी एक स्वतंत्र कोरा माणूस होतो आणि मला विचारायला हवं होतं. आपल्याकडे माणूस कोरा जन्मत नाही, तो कुणाचा तरी ऋणी म्हणून जन्मतो. जसं आपण रांगेत मधेच येतो, पुढचे चालून गेलेले असतात आणि मागचे यायचे असतात.

मग ज्ञानी म्हणतात संतती नको, आणि गुरू म्हणतात धागा तोडू नको. दोन्ही श्रुतीच. हा विरोध पुसून टाकायचा नाही. मला वाटतं, शास्त्रानं दोन्ही वाटा मुद्दाम उघड्या ठेवल्यात. ज्यांना कुणी एका वाटेनं ढकलतं, त्यांना दुसरी दाखवता यावी म्हणून.

आजचे श्लोक काय उत्तर देतात

आता बेनाटार यांच्या हिशोबाकडे परत येऊ. त्यांचा सगळा हिशोब एका वाक्यावर उभा आहे : जन्माआधी तिथे कुणीच नाही. गीता नेमकं हेच मान्य करत नाही. दुसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात, मी नव्हतो, तू नव्हतास, हे राजे नव्हते असा काळच कधी नव्हता. आणि आजच्या श्लोकांत ते जन्माचं वर्णन करतात ते प्रवासासारखं. कुणीतरी अर्ध्या वाटेवर थांबलाय. त्याला पुढे जायचंय. त्यासाठी त्याला एक घर लागतं.

म्हणजे आईबाप शून्यातून कुणाला ओढून आणत नाहीत. ते दार उघडतात. जीव त्याच्या वासनेनं, त्याच्या कर्मानं, त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या साधनेनं येतो.

पण थांबा, हा युक्तिवाद दुधारी आहे, आणि सत्संगात आपण त्याची एकच धार दाखवतो. जीवाला यायचंच आहे असं म्हटलं, तर तो माझ्याच घरी आला पाहिजे असं कुठे आहे? मी दार उघडलं नाही म्हणून भगवंताची सोय अडत नाही. कुणी जीव माझ्या नावाची पाटी घेऊन स्टेशनवर ताटकळत उभा नाही. म्हणजे गीतेप्रमाणे मूल होऊ देणं हे मूळचं पाप नाही, तसंच मूल न होऊ देणं हेही पाप नाही.

दुसरी एक काळजी. 'ज्याचं त्याचं प्रारब्ध' हे वाक्य आईबापांच्या तोंडी शोभत नाही. जीव आपल्या कर्मानं आला हे खरं धरलं, तरी त्याच्या भुकेला, तापाला, अपमानाला उत्तर द्यायचं आपण. कर्माचा सिद्धांत स्वतःचं दुःख सोसताना आधार म्हणून आहे. दुसऱ्याच्या दुःखापासून हात झटकायला तो वापरला, की त्याचा अधर्म होतो.

मग प्रश्न बदलतो. 'जन्म द्यावा की नाही' यापेक्षा 'येणाऱ्याला आपलं घर काय देणार' हा प्रश्न पुढे येतो. भगवंतांनी दोन घरं सांगितली : पवित्र आणि संपन्न माणसांचं, आणि योग्यांचं. यातलं दुर्मिळ कोणतं, तर दुसरं. संपन्न घराला त्यांनी दुर्मिळ म्हटलेलं नाही.

आळंदीचं एक घर

या श्लोकांवर बोलताना ज्ञानेश्वर महाराज एका मुलाचं वर्णन करतात, ज्याला वय वाढायची वाटच बघावी लागत नाही, लहानपणीच ज्ञान त्याच्या गळ्यात माळ घालतं. जाणकार म्हणतात, नकळत हे त्यांचंच वर्णन झालंय. आता हा मुलगा ज्या घरी जन्मला ते घर बघा.

आपेगावचे विठ्ठलपंत, आळंदीच्या सिद्धोपंतांचे जावई. संसारात मन रमेना म्हणून काशीला जाऊन संन्यास घेतला. गुरूंना कळलं की मागे पत्नी आहे, त्यांनी परत पाठवलं. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई पुन्हा संसाराला लागले आणि चार मुलं झाली : निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७, म्हणजे १२७५ चा. गावानं त्यांना वाळीत टाकलं. संन्याशाची पोरं. मुंज नाही, पंगत नाही, शेजार नाही. शेवटी आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं आणि त्यांनी ते घेतलं, असं परंपरा सांगते. चारही मुलं लहानपणीच पोरकी झाली.

आजच्या भाषेत बोलायचं तर विठ्ठलपंतांना कुणीही सांगितलं असतं, की बाबा, अशा परिस्थितीत मूल होऊ देणं अनैतिक आहे. समाज स्वीकारणार नाही हे माहीत आहे, दुःख ठरलेलं आहे, मुलांनी काय गुन्हा केलाय? आळंदीचे ब्रह्मवृंद वेगळ्या कारणानं तेच म्हणत होते : ही मुलं जन्मायलाच नको होती.

इथे मला एक सोपा निष्कर्ष काढायचा नाहीये. 'बघा, दुःखातूनच ज्ञानेश्वर घडले, म्हणून बिनधास्त मुलं होऊ द्या' असं म्हणणं क्रूर आहे. वाळीत टाकलेली किती मुलं नुसतीच मेली असतील, त्यांची कुणी पोथी लिहिली नाही. मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात.

पहिली, त्या घरानं मुलांना काय दिलं. पैसा नव्हता, प्रतिष्ठा नव्हती, सुरक्षितता तर नव्हतीच. पण ज्याच्यासाठी बापानं एकदा सगळं सोडलं होतं, ते घरात जिवंत होतं. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करायला हे कुटुंब गेलं असताना निवृत्तिनाथांना गहिनीनाथ भेटले. निवृत्तीनं ते ज्ञानदेवाला दिलं. एका भावानं दुसऱ्याला दिलेल्या त्या दीक्षेतून शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी उभी राहिली. आणि तिच्या शेवटी, जन्मापासून ज्याला नाकारलं गेलं तो मुलगा पसायदान मागतो. त्यात स्वतःसाठी काही नाही आणि आळंदीविरुद्ध तक्रार नाही. दुष्टांचं वाईट व्हावं असंही तो मागत नाही, त्यांच्यातली वाईट वृत्ती जावी एवढंच मागतो.

दुसरी गोष्ट, चूक कुणाची होती? मुलं जन्मली यात चूक नव्हती. जन्मलेल्या मुलांना दार बंद केलं गेलं, यात होती. 'अशा जगात मूल आणावं का' हा प्रश्न आपण नेहमी आईबापांनाच विचारतो. तो अर्धा जगालाही विचारायला हवा. आणि जग म्हणजे कोण? सोसायटीतल्या कामवाल्या मावशींच्या मुलीला लिफ्टमध्ये घेतलं की कपाळाला आठ्या पाडणारे आपणच ना?

ऋषभदेवांची अट

भागवताच्या पाचव्या स्कंधात (५.५.१८) ऋषभदेव आपल्या शंभर मुलांना उपदेश करताना एक कडक अट घालतात. समोर आलेल्या मृत्यूतून जो सोडवू शकत नाही, त्यानं गुरू होऊ नये, बाप होऊ नये, तिनं आई होऊ नये. माझ्या मते सगळ्या अँटिनेटॅलिस्टांपेक्षा ही अट कडक आहे. शिवाय ती दुसऱ्या कुणी घातलेली नाही, एका बापानंच आईबापांना घातली आहे.

आता मृत्यूतून सोडवणारे आपण कोण? विरार लोकलमधून धडपणे उतरता येत नाही आपल्याला. पण अटीचा रोख समजून घेऊ. आपण ज्याला मरणाच्या वाटेवर आणतोय, त्याला मरणापलीकडचं काही आपल्या घरात दिसेल का? मार्कंडेय पुराणातली मदालसा पाळण्यातल्या बाळाला झोपवताना सांगायची, की तू शुद्ध आहेस, हे नाव आणि हे शरीर म्हणजे तू नव्हेस. तिचे पहिले तीन मुलगे विरक्त झाले. मूल माझं आहे असं ती समजत नव्हती. ज्याला आपण आत आणलं, त्याच्या हातात बाहेरच्या दाराची किल्ली द्यायची, एवढं तिला कळलं होतं.

ही अट लावून आपली कारणं तपासली, तर बरीच गळून पडतात. म्हातारपणी कोण बघणार? म्हणजे एक माणूस आपण आपली काठी म्हणून जन्माला घालतोय. वंशाचा दिवा? उपनिषद त्याला सरळ हाव म्हणतं. लग्न सावरेल? भांडणाच्या मधोमध पाळणा ठेवणं म्हणजे पाळण्यातल्याला भांडण देणं. सगळ्यांना झालं, आपल्यालाच नाही? हे तर इन्स्टाग्रामचं ऋण झालं, पितरांचं नाही.

आणि हीच अट 'नको' म्हणणाऱ्यांच्या कारणांनाही लावावी. हवामानाची काळजी, पैशांची ओढाताण, वन बीएचकेमध्ये चौघं, ही खरी कारणं आहेत. कुणी ती देवापुढे प्रामाणिकपणे मांडली तर त्यात कमी काही नाही. पण 'जगात फार दुःख आहे म्हणून मूल नको' असं म्हणणाऱ्यानं स्वतःला विचारावं, त्या दुःखातलं किती मी उचललं? दुःखाची कणव खरी असेल, तर ती आधीच जन्मलेल्यांपर्यंत पोचते.

ज्यांना मूल नाही

मराठीत या विषयावर लिहायचं आणि र. धों. कर्व्यांचं नाव घ्यायचं नाही, असं होऊ शकत नाही. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, ते १९५३ मध्ये वारले त्या वर्षापर्यंत. ते आणि मालतीबाई यांनी स्वतःला मूल होऊ दिलं नाही. ते नास्तिक होते, आपल्या पंगतीत बसले नसते. पण मूल होणं हा बाईच्या शरीरावर येऊन पडणारा योग नसून दोघांनी घ्यायचा निर्णय आहे, हे त्यांनी मराठी माणसाला सांगितलं, त्यासाठी खटले आणि टिंगल सोसली. निर्णय म्हटला की जबाबदारी आली. आपण आज हा प्रश्न धर्माचा प्रश्न म्हणून विचारू शकतो, ते यामुळेच. हातात निवड नसेल तर धर्म-अधर्म कसला?

आणि आपल्या पंगतीतलं उदाहरण हवं असेल तर भीष्म. पितरांचं ऋण संततीनं फिटतं म्हणतात, भीष्मांना संतती नाही. मग त्यांना पाणी कोण देणार? माघ शुद्ध अष्टमीला, भीष्माष्टमीला, त्यांच्या कुळाशी काही नातं नसलेली माणसं त्यांच्या नावानं तर्पण करतात. ज्याचा एकही मुलगा नव्हता, त्याला पाणी द्यायला इतके हात. धागा रक्ताचाच असावा लागतो असं नाही, हे परंपरेनं एका तिथीत सांगून टाकलंय.

म्हणून एक कळकळीची विनंती. ज्यांना मूल नको आहे त्यांना 'संस्कृती बुडवताय' म्हणू नका. ज्यांना हवं आहे आणि होत नाही, त्यांना 'मागच्या जन्मीचं काहीतरी' तर चुकूनही म्हणू नका. हळदीकुंकवाला बोलावून 'गोड बातमी कधी?' विचारणं बंद करा. माझी एक मैत्रीण उपचारांची तिसरी फेरी करून आली होती, त्याच आठवड्यात तिला हे चार जणींनी विचारलं. तिनं त्यानंतर देवळात येणंच सोडलं. ज्या देवळात मूल नसलेल्या बाईला मान खाली घालावी लागते, तिथे मूल आणण्याचा उपदेश कुणी कुणाला करू नये.

मग मी काय म्हणते?

गटातल्या त्या मुलीला मी हे सांगितलं. मूल होऊ देणं पाप नाही, मूल न होऊ देणंही नाही. आपल्या कमतरता भरायला एखादा जीव घरी आणणं, हे चूक. आणि आलेल्या जीवाला, मग तो आपल्या पोटचा असो की शेजारच्या घरातला, दार लावणं, हे त्याहून चूक. गर्भातला जीव 'मला यायचं नाही' म्हणतो, ते का, ते परत वाचा. दुःखाची भीती त्याला आहेच, पण गर्भात दुःख सोसत असूनही तो तिथेच राहायला तयार आहे. बाहेर गेलो की देवाचा विसर पडेल, ही त्याची मोठी भीती. या भीतीवर आईबाप काहीतरी करू शकतात. सगळं दुःख टाळणं आपल्या हातात नाही. विसर पडणार नाही असं घर ठेवणं थोडंफार आपल्या हातात आहे.

ती म्हणाली, "ताई, तुमचं काय ठरलं?" विचारणं रास्तच होतं. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली. इतके दिवस आम्ही दोघं घराचे हप्ते, पगार आणि पाळणाघराचा खर्च मांडून बसायचो आणि उत्तर कधी 'हो' यायचं, कधी 'नाही'. आता आम्ही हिशोबाच्या वहीत एक रकाना वाढवलाय. आमच्या घरात सकाळी एकमेकांवर आवाज चढतो का? आम्ही रोज दहा मिनिटं तरी शांत बसतो का? आमच्यापेक्षा वेगळं मत असलेल्या माणसाचं आम्ही ऐकून घेतो का, देवहूतीसारखं? कारण येणारा जीव एक दिवस समोर बसून विचारणार आहे, की मला का आणलंत? तेव्हा त्याला खरं उत्तर देता येईल असं जगायला आम्ही लागलोय. मूल होवो न होवो, हे जगणं वाया जाणार नाही. अर्धवट राहिलेलं काहीही वाया जात नाही, हेच तर आजच्या पहिल्या श्लोकात सांगितलंय.

आजचा अभ्यास

१. सहाव्या अध्यायातले ४० ते ४५ श्लोक सावकाश, अर्थासकट एकदा वाचा.

२. मूल हवं असेल किंवा नको असेल, त्यामागची तुमची तीन कारणं कागदावर लिहा. प्रत्येकापुढे लिहा : हे कुणासाठी?

३. आज आईला किंवा वडिलांना फोन करून विचारा, मी जन्मलो किंवा जन्मले तेव्हा घरात कसे दिवस होते? मधे बोलू नका, नुसतं ऐका.

४. आजूबाजूच्या एका मुलासाठी आज काहीतरी करा. त्याचा अभ्यास घ्या, त्याला गोष्ट सांगा, निदान लिफ्टचं दार धरून ठेवा.

उद्या श्लोक ४६ आणि ४७ घेऊ, म्हणजे सहावा अध्याय पूर्ण होईल.

श्रीकृष्णार्पणमस्तु.